धरणे आणि सोडणे

मराठीत गाठीचे दोन प्रकार मानले जातात: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ एकदा आवळली की सहजासहजी सुटत नाही. ती सोडवण्यास नखे लागतात, दात लागतात आणि शेवटी बहुधा सुरीच लागते. सुरगाठीचे तसे नाही. तिचे मोकळे टोक ओढले की ती एका झटक्यात सुटते. दोरीची जागा पोलादाने घेतली तरी हा भेद मिटलेला नाही. रिव्हेट, वितळवून केलेला सांधा, आवळून बसवलेला नट व बोल्ट ही सारी निरगाठीच्या कुळातील होत. कडी, खिट्टी, खटका, आकडा ही सुरगाठीच्या कुळातील. पहिल्या कुळाची कसोटी एकच असते: जोड टिकला पाहिजे. दुसऱ्या कुळाला मात्र दोन वचने द्यावी लागतात, आणि ती परस्परविरोधी आहेत. धरून ठेवावयाचे आहे तोवर कोणत्याही धक्क्याने सुटावयाचे नाही, हे पहिले वचन. सोडण्याची आज्ञा होताच, कितीही ताण असला तरी, क्षणाचा विलंब न लावता सुटावयाचे, हे दुसरे.

ही दोन वचने एकाच वेळी पाळली जातात की नाही, याची परीक्षा चंदीगडच्या परिसरात एका लोहमार्गावर घेतली जाते. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, रामगड येथे, संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी या प्रयोगशाळेचे चाचणीक्षेत्र आहे. १९६१ मध्ये या प्रयोगशाळेची कल्पना पुढे आली आणि जानेवारी १९६८ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. रामगडला सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या रुळांवरून रॉकेटांच्या जोराने गाडे धावतात. लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने आणि अवकाशयानाला सावकाश खाली आणणाऱ्या हवाई छत्र्या यांना या गाड्यांवर आपली लायकी सिद्ध करावी लागते. तेथे नेमके काय पारखले जाते हे ध्यानी येण्यासाठी प्रथम शेतातल्या आणि घरातल्या काही साध्या वस्तूंकडे वळले पाहिजे. कारण तत्त्व तेथेही तेच आहे.

बैलाच्या मानेवर जू ठेवतात, जुवाच्या भोकात शिवळ घालतात आणि मानेखालून सापती घेऊन ती शिवळेला अडकवतात. काम संपले की सापती काढावी, शिवळ उपसावी, बैल मोकळा. या जोडात पेच नाही, आटे नाहीत, हत्यार लागत नाही. परंतु शिवळ सहज निघते ती बैल शांत उभा असतो तेव्हा. बैल बिथरून हिसडे देऊ लागला की तीच शिवळ भोकात तिरकी अडकते आणि धन्याचे हात अपुरे पडतात. म्हणजे ज्या क्षणी सुटका सर्वांत निकडीची, त्याच क्षणी ती सर्वांत कठीण.

याचे कारण घर्षण होय. दोन कड्यांमधून एक पोलादी खिट्टी घातली आहे आणि तिच्यावर १,००० किलोग्रॅमचा भार लोंबत आहे, असे समजा. कोरड्या पोलादाचे पोलादावरील घर्षण भाराच्या एकपंचमांश धरले, तरी ती खिट्टी उपसण्यास २०० किलोग्रॅमहून कमी ओढ पुरणार नाही. भार दुप्पट झाला की ओढही दुप्पट लागते. साध्या खिट्टीत धरण्याचे बळ आणि सोडण्याचे कष्ट एकाच प्रमाणात वाढत जातात. झटक्यात सुटणाऱ्या साऱ्या कळींचा इतिहास म्हणजे या दोहोंची फारकत कशी करावी याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या फारकतीचा एक सुबक नमुना स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या सिलिंडरवर बसणारा रेग्युलेटर हा पेचाने आवळलेला नसतो. सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या नळीला बाहेरून गोलाकार खाच असते. रेग्युलेटरच्या आत छिद्रांमध्ये लहान पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात व त्यांच्याभोवती वरखाली सरकणारे एक कडे असते. कडे वर उचलले की गोळ्यांना बाहेर सरकण्यास जागा मिळते आणि रेग्युलेटर नळीवर बसतो; कडे सोडले की ते गोळ्यांना आत लोटते, गोळ्या खाचेत रुततात आणि जोड पक्का होतो. आता कोणी रेग्युलेटर नुसता वर ओढला, तर गोळ्या खाचेतून बाहेर निसटू पाहतात. पण त्यांच्या आड कड्याची भिंत उभी असते. ओढ कितीही वाढली तरी ती या भिंतीवर आडवी आदळते. भिंतीला वर उचलत नाही. उलट, गृहिणीची दोन बोटे त्याच कड्याला उभ्या दिशेने सहज उचलतात. ओढीची दिशा एक, सुटकेची दिशा दुसरी, आणि दोहोंमध्ये काटकोन. याखेरीज आणखी एक दक्षता घेतलेली असते: चावी चालू असताना कडे उचललेच जात नाही. गॅस वाहत असेल तोवर सुटका नाही.

विजेच्या दिव्याचे उदाहरण याहून सोपे आहे. आपल्याकडे फार काळ चाललेल्या दिव्याच्या टोपीला दोन बाजूंस दोन खुंट्या असतात. दिवा दाबावा, किंचित फिरवावा आणि सोडावा; आतील स्प्रिंगा त्याला बाहेर लोटतात व खुंट्या आकड्यासारख्या खाचेत जाऊन बसतात. बंदुकीला संगीन जोडण्याच्या रीतीवरून या जोडाला नाव मिळाले. हा जोड हादऱ्याने सुटत नाही, कारण सुटण्यासाठी आधी स्प्रिंगेच्या विरुद्ध आत जावे लागते आणि मग फिरावे लागते. योगायोगाने घडणारी हालचाल सहसा एकच असते. आधी एक आणि मग दुसरी, अशी क्रमवार हालचाल हेतूशिवाय घडत नाही. अपघात आणि इच्छा यांतला फरक ओळखण्याची ही युक्ती अनेक मोठ्या यंत्रांत पुन्हा भेटते.

तिसरा नमुना झाकण आतून बसणाऱ्या प्रेशर कुकरचा. त्याच्या तोंडाचा व्यास १६ सेंटीमीटर आणि वाफेचा जादा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम मानला, तर झाकणाला आतून सुमारे २०० किलोग्रॅमचा रेटा बसतो. हा रेटाच झाकण तोंडाशी घट्ट धरतो. वाफ असेपर्यंत मल्लालाही ते उघडता येणार नाही. वाफ ओसरली की लहान मूलही उघडील. येथे भाराला शत्रू न मानता पहारेकरी केले आहे. मात्र येथे दुसरे वचन मुद्दामच दिलेले नाही. भार असताना सुटूच नये, हा कुकरचा धर्म. पण जेथे भार असतानाच सुटावयाचे आहे, तेथे काय करावे?

तेथे पत्र्याच्या ट्रंकेवरील दाबून बसणारा खटका मार्ग दाखवतो. तरफ दाबत नेली की प्रथम जोर लागतो; मग एका बिंदूशी ती आपोआप पुढे झेपावते व बसते. त्या बिंदूपाशी ओढीची रेषा तरफेच्या खिळ्यातून, म्हणजे तिच्या फिरण्याच्या केंद्रातून, जाते. तरफ त्या बिंदूपलीकडे केसभर जरी गेली, तरी ओढ तिला उघडण्याऐवजी अधिक मिटवू लागते. सोडताना मात्र तेवढेच केसभर अंतर परत यावे लागते. रेषा ओलांडली की तोच भार तरफेला झटक्याने उघडतो. भाराशी झुंजावयाचे नाही, भाराची बाजू तेवढी बदलावयाची. मोठमोठे आकडे थोड्याशा बळाने सुटतात त्याचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

या साध्या युक्तींवर माणसाचा प्राण टांगला जातो, तेव्हा त्यांचे रूप अधिक काटेकोर होते. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीच्या मोटारींत नील्स बोलिन याने तीन ठिकाणी बांधलेला पट्टा आणला. आज तो सर्वत्र रूढ आहे. टकरीच्या वेळी या पट्ट्याने माणसाला त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोराने धरावयाचे असते. आणि मोटार उलटून माणूस पट्ट्याला लोंबकळत असला, तरी एका बोटाने दाबलेल्या बटणाने त्याला सोडावयाचे असते. पट्टा मजबूत विणणे त्या मानाने सोपे होते. भाराखाली मऊपणे सुटणारे बक्कल हे खरे कौशल्याचे काम.

हवाई छत्रीने, म्हणजे पॅराशूटने, उतरणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न अधिक उग्र रूपाने उभा राहतो. आकाशात असेपर्यंत छत्री ही त्याची तारणहार. पण पाय जमिनीला लागले आणि वारा सुटला की तीच छत्री शिडासारखी फुगून त्याला दगडाकाट्यांतून फरफटत नेते. पाण्यात पडला तर तिच्या दोऱ्या त्याला गुंडाळून बुडवतात. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या छातीवर एक चपटी गोल पेटी असे. खांद्यांवरून व मांड्यांमधून आलेले सारे पट्टे तीत अडकवलेले असत. पेटीची चकती आधी फिरवावयाची आणि मग तिच्यावर ठोसा मारावयाचा. सारे पट्टे एकदम निखळत. आधी फिरवणे, मग दाबणे: दिव्याच्या टोपीतील क्रम येथे आकाशात गेला.

पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बिल बूथ याने तीन कड्यांची एक रचना प्रचारात आणली. छत्रीने उड्या मारणारे खेळाडू आजही ती वापरतात. सर्वांत मोठे कडे माणसाच्या पट्ट्यांना शिवलेले असते. छत्रीच्या पट्ट्याचे मधले कडे त्यातून घालून वर दुमडतात. मधल्यातून धाकटे कडे घालून तेही दुमडतात. आणि धाकट्यावर दोरीचा एक फास घेऊन त्यात एक गुळगुळीत तार ओवतात. प्रत्येक दुमडलेले कडे म्हणजे एक तरफ होय. उदाहरणादाखल, प्रत्येक तरफेने ओढ दहापटींनी घटते असे मानले, तर ५०० किलोग्रॅमची ओढ मधल्या कड्याच्या टोकाशी ५० किलोग्रॅम होते, धाकट्याच्या टोकाशी ५, आणि फासाच्या दोन पदरांत वाटली जाऊन तारेवर जेमतेम अडीच किलोग्रॅम उरते. तेवढी तार ओढण्यास माणसाचा एक हात पुरतो. तार निघाली की फास सुटतो, धाकटे कडे उलगडते, मग मधले, आणि छत्री निघून जाते. यात स्प्रिंग नाही, दात नाही, गंजून बसेल असा सांधा नाही; आणि रचना बरोबर आहे की नाही हे डोळ्यांना सरळ दिसते.

दोन वचनांपैकी एकच पाळले तर काय घडते, याचा धडा समुद्राने दिला आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तेलविहिरींच्या कामगारांचा तरंगता मंच वादळात कलंडला. मंचावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. त्यावर जीवरक्षक नावा होत्या. त्यांतील चार खाली सोडल्या गेल्या, परंतु त्यांपैकी एकच आपल्या दोरखंडांपासून अलग होऊ शकली. कारण आकड्यांची रचनाच अशी होती की दोरखंडावरील ताण गेल्याशिवाय ते उघडू नयेत. आणि उसळत्या लाटांत ताण जातच नव्हता. कुकरचा धर्म तेथे चुकीच्या जागी पाळला गेला होता.

मग जगाचे सागरी नियम बदलले. १ जुलै १९८६ पासून अमलात आलेल्या सुधारणांनी नव्या जहाजांवरील जीवरक्षक नावांचे आकडे भार असतानाही सुटले पाहिजेत असे ठरवले. दुसरे वचन मिळाले; पण आता पहिले ढळू लागले. तालमीच्या वेळी, नाव जहाजाच्या कडेला उंचावर लोंबत असतानाच आकडा अवचित उघडावा आणि आतील खलाशांसह नाव समुद्रावर आदळावी, असे अपघात अनेक देशांच्या जहाजांवर घडले. जीव वाचवण्याच्या साधनानेच, तेही तालमीत, जीव घ्यावा, यापरता दैवदुर्विलास कोणता? कित्येक रचनांत नावेचे वजनच आकड्याला उघडण्याच्या दिशेने रेटीत होते आणि एक तार किंवा एक कंगोरा तेवढा त्याला अडवून धरीत होता. तार ताणली गेली, कंगोरा झिजला किंवा आकडा परत बसवताना अर्धवट बसला, की एवढे निमित्त पुरे होई. अखेर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नवे नियम केले. भारामुळे आकडा आपण होऊन उघडू पाहणार नाही अशीच रचना असावी, आणि जुने निकषात न बसणारे आकडे १ जुलै २०१९ पूर्वी बदलावे, असे त्यांत ठरले. एका वचनासाठी दुसऱ्याचा बळी द्यावयाचा नाही, हे कळण्यास जगाला तीस वर्षे लागली.

चंदीगडच्या हवाई तळावर हा प्रश्न रोजच्या कामाचा भाग आहे. लडाखच्या उंच ठाण्यांकडे जाणारी रसद दीर्घकाळ येथूनच उडत आली आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चुशूलच्या रक्षणासाठी हलक्या बनावटीचे रणगाडे अँटोनोव्ह-१२ विमानांत घालून नेले गेले, ते चंदीगडहूनच. २५ मार्च २०१९ रोजी याच तळावर चिनूक हेलिकॉप्टरे भारतीय वायुदलात दाखल झाली. या हेलिकॉप्टराच्या पोटाखाली भार टांगण्यासाठी तीन आकडे असतात. त्यांना लोंबवून तोफदेखील डोंगरमाथ्यावर नेता येते. एरवी हा आकडा घट्ट मिटलेला हवा, कारण खाली माणसे असतात. परंतु दरीतल्या वाऱ्याने टांगलेले ओझे झोके घेऊ लागले किंवा इंजिनाचा जोर कमी पडला, तर ओझे आणि हेलिकॉप्टर यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ येते आणि ती निवड एका क्षणात करावी लागते. म्हणून असा आकडा विजेच्या कळीने सुटतो. वीज गेली तर हाताने सोडण्याची सोय वेगळी असते. सुटकेचा एक मार्ग बंद पडला तर दुसरा हवा. मात्र या दुसऱ्या मार्गाने अपघाती सुटकेला नवे दार उघडता कामा नये.

आतापर्यंतचे सारे जोड पुन्हा लावता येण्याजोगे होते. सुरगाठीच्या कुळात आणखी एक चमत्कारिक शाखा आहे. ती गाठ सोडत नाही, कापते. अवकाशयानांत व लढाऊ विमानांत लहानशा स्फोटाने तुटणारे बोल्ट आणि दोरी छाटणारी स्फोटक पाती वापरतात. भार कितीही असो, घर्षण असो, बर्फ साचलेला असो, पाते ठरल्या क्षणी एका सेकंदाच्या लहानशा अंशात आपले काम करते. परंतु या खात्रीची एक किंमत मोजावी लागते. कडी शंभर वेळा उघडून पाहता येते. स्फोटक पाते एकदाच. ज्याची परीक्षा घेतली ते पाते वापरता येत नाही, आणि जे वापरावयाचे त्याची परीक्षा घेता येत नाही. त्याच्यावरचा विश्वास त्याच्या भावंडांच्या परीक्षेवर उभा असतो: त्याच धातूच्या, त्याच दारूच्या, त्याच हातांनी बनवलेल्या इतर पात्यांवर. म्हणून अशा वस्तूंसाठी चाचणी ही शेवटची औपचारिकता राहत नाही. ती रचनेचाच अर्धा भाग बनते. रामगडच्या रुळांचे महत्त्व येथे कळते.

हवाई छत्र्यांची साखळी किती नाजूक असते हे २४ एप्रिल १९६७ च्या दुर्घटनेने दाखवले. सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव सोयूझ-१ यानातून परत येत होता. गती कमी करणारी पहिली छत्री उघडली. परंतु तिने मुख्य छत्रीला डब्यातून बाहेर ओढावयास हवे होते, ते झाले नाही. मग राखीव छत्री सोडण्यात आली. पण पहिली छत्री अद्याप यानाला जोडलेलीच होती. राखीव छत्री तिच्याशी गुंतली आणि फुललीच नाही. यान जमिनीवर आदळले आणि कोमारोव मृत्युमुखी पडला. छत्र्या होत्या, पण एक वेळेवर निघाली नाही आणि दुसरी वेळेवर सुटली नाही.

भारताच्या गगनयान योजनेत अंतराळवीरांच्या कुपीला खाली आणण्यासाठी चार प्रकारच्या १० छत्र्या योजल्या आहेत. प्रथम दोन छत्र्या कुपीच्या माथ्यावरील झाकण ओढून काढतात. मग गती घटवणाऱ्या व कुपीला स्थिर करणाऱ्या दोन छत्र्या उघडतात. त्यांचे काम झाले की त्या सोडून दिल्या जातात. मग तीन लहान छत्र्या येतात आणि त्या तीन मुख्य छत्र्यांना बाहेर खेचतात. या क्रमात प्रत्येक उघडण्याआधी कोठे ना कोठे एक सुटणे आहे. गती घटवणाऱ्या छत्रीचा व्यास ५.८ मीटर असून ती अखंड कापडाऐवजी फितींची केलेली असते. एवढी छत्री भर वेगात एकदम फुलली तर तिचा हिसका यानाला व तिच्या स्वतःच्या दोऱ्यांनाही सोसणार नाही. म्हणून तिचे तोंड प्रथम दोरीने आवळून ठेवतात. ती अर्धवट फुलते, वेग थोडा ओसरतो, मग ती दोरी छाटली जाते आणि छत्री पूर्ण उमलते. म्हणजे छत्रीच्या कंठाशीही एक सुरगाठच आहे.

या छत्र्यांच्या चाचण्या रामगडच्या रुळांवर ८ ते १० ऑगस्ट २०२३ या दिवसांत आणि पुन्हा १८ व १९ डिसेंबर २०२५ रोजी घेण्यात आल्या. विमानातून भार टाकूनही छत्री तपासता येते. परंतु तेथे वारा, उंची, दिशा यांवर माणसाची सत्ता चालत नाही आणि मोडलेली वस्तू मैलोगणती विखुरते. रुळावरच्या गाड्याचा वेग आधी ठरवता येतो, कॅमेरे नेमक्या जागी उभे करता येतात, आणि बिघडलेला भाग त्याच दिवशी हातात येतो. मुख्य म्हणजे, नेहमीच्या मर्यादेहून अधिक भार मुद्दाम देऊन जोड कोठे हार मानतो हे पाहता येते.

डिसेंबर २०२५ च्या आरंभी जाहीर झालेली दुसरी चाचणी याहून थरारक होती. तेजस या लढाऊ विमानाचा पुढचा भाग दोन गाड्यांवर बसवून तो ताशी ८०० किलोमीटर वेगाने रुळांवरून नेण्यात आला. आसनावर माणसाच्या आकाराचा, मोजमापाची साधने बसवलेला पुतळा होता. ताशी ८०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२२ मीटर. या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३ टन भरतो. अशा झंझावातात प्रथम वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत स्फोटक दोरीने फोडले जाते. मग आसन रॉकेटांच्या जोराने बाहेर झेपावते. पाठोपाठ स्थिर करणारी छत्री, आणि शेवटी माणूस व आसन यांची फारकत. ज्या पट्ट्यांनी उड्डाणाच्या वेळी वैमानिकाला आसनाशी जखडून ठेवले, ज्यांनी बाहेर फेकले जाताना त्याचा कणा व मान सावरली, तेच पट्टे आता आपोआप सुटले पाहिजेत. ते आधी सुटले तर वाऱ्याने त्याच्या अवयवांची दुर्दशा होईल; उशिरा सुटले तर जड आसन त्याला आपल्याबरोबर खाली नेईल. या चाचणीत छत फुटणे, आसन सुटण्याचा क्रम आणि पुतळा सुखरूप खाली येणे या तिन्ही गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या. अशा चाचण्या पूर्वी मोजक्या देशांतच होत. आता भारताला त्यासाठी परदेशी रुळांची वाट पाहावी लागत नाही.

एवढ्याने काम संपत नाही. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली कळ वापरणाऱ्याच्या हाती गेली की तिचा खरा संसार सुरू होतो. लडाखची बारीक धूळ गोळ्यांच्या खाचेत साचते. समुद्राचे मीठ खिळ्याला गंज चढवते. घट्ट झालेला खटका कोणी हातोडीने ठोकून बसवतो आणि त्याची कड बोथट करतो. पेचाचा जोड सैल झाला तर बहुधा आवाज करून इशारा देतो. सुटणारी कळ मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे धरून असते, आणि तिचे दुसरे वचन मोडले आहे हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी दुरुस्तीला वेळ नसतो. म्हणून विमानदळांत, जहाजांवर आणि अग्निशामक दलांत अशा जोडांची ठरावीक मुदतीने उघडझाक करण्याचा, ते पुसून तेल देण्याचा आणि ते पूर्ण बसले आहेत की नाही हे डोळ्यांनी पाहण्याचा शिरस्ता असतो. कित्येक आकड्यांवर त्यासाठी रंगाची खूण केलेली असते. आकडा पुरता मिटला तरच ती खूण ठरल्या जागी दिसते.

या खुणेकडे पाहणारा हात बहुधा अनामिक असतो. तो तळावरील तंत्रज्ञाचा असेल, जहाजावरील खलाशाचा असेल किंवा पाण्याच्या नळ्या जोडणाऱ्या बंबवाल्याचा असेल. वैमानिक आसनावर बसतो आणि पट्टे अडकवतो, तेव्हा त्याच्या मनात ते सुटतील की नाही असा प्रश्न सहसा येत नाही. आणि तो येऊ नये, यासाठीच रामगडच्या रुळांवर पुतळे बसवून गाडे धाववले जातात.